दोन बगीच्यांतल्या अळ्या

गेल्या भाद्रपदात मी आमच्या लेआउटच्या बगीच्यात तणनाशक फवारलं आणि अठरा वर्षं तो बगीचा सांभाळणाऱ्या माळ्याला चारचौघांत कामचोर म्हटलं. दोन्ही गोष्टी मी केल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी भरीला घातलं नव्हतं. बगीचा समितीचा सचिव मी होतो, पंप माझ्या पाठीवर होता आणि तोंडही माझंच होतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे मी एका परक्या देशातल्या फुलापाखरांचं बरंच कौतुक करणार आहे. त्या कौतुकाखाली हे दबून जायला नको.

आमचं लेआउट वर्ध्याला आर्वी रोडवर आहे. चाळीस-बेचाळीस घरं, मधे मोकळी जागा आणि त्या जागेत बगीचा. फिरायला फरशीची वाट, गुलाबाचे वाफे, जास्वंद, सिमेंटचे चार बाक. मागच्या कुंपणाशी एक कोपरा मात्र माळ्यानं तसाच सोडलेला होता. रुईची दोन दांडगी झुडपं आणि भोवती आघाडा, तरोटा, केना, कंबरमोडी, असं पावसाळ्यात आपलं आपण उगवणारं सगळं. श्रावणात बायका आघाडा आणि दुर्वा न्यायला तिथे जात. एरवी त्या कोपऱ्याकडे कोणी पाहत नसे.

माळी पवनारचे. पासष्टीच्या आसपासचे, सायकलवर येणारे, कमी बोलणारे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. एकदा गुलाबाची छाटणी पाहता पाहता माझं बोट कापलं, तेव्हा त्यांनी कंबरमोडीची चार पानं तळहातावर चोळून रस पिळला होता. रक्त थांबलं. मी ते विसरूनही गेलो.

माझा जन्म रोहण्याचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. वडील संध्याकाळी धुऱ्या-बांधांवरून चालत आणि लोकांच्या वावरांवर शेरे मारत. कोणाच्या वावरात गवत माजलेलं दिसलं की म्हणत, "यानं कपाशीत तन पेरलं, का तनात कपाशी?" सोबतचे हसत, मीही हसायचो. रस्त्याच्या कडेच्या वावरात तण दिसणं म्हणजे घराची अब्रू गेल्यासारखं होतं. नोकरीसाठी मी वर्ध्याला आलो, वावर भावाकडे राहिलं, पण डोळा तोच राहिला. पीक नसलेलं हिरवं काही दिसलं की हात शिवशिवायचे.

त्यात गेल्या वर्षी भावाच्या कपाशीवर बोंडअळी आली. रोज फोन, रोज अळीचीच गोष्ट. अशा दिवसांत एका सकाळी मला रुईच्या पानावर एक अळी दिसली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, अंगावर काळ्या शिंगांच्या जोड्या. अर्धं पान फस्त केलेलं. शेजारच्या पानावर आणखी दोन.

मी मामांना हाक मारली. "मामा, हे पाहून राह्यले का तुम्ही? उद्या गुलाबावर जाईन हे."

"नाई जात जी," ते म्हणाले. "फुलपाखराचं लेकरू हाय थे. रुई सोडून कायलेच तोंड लावत नाई."

"अळी म्हणजे अळी."

"बोंडअळी येगळी जी, हे येगळी. राहू द्या. पंधरा दिवसात उडून जाईन."

माझ्या वावराच्या ज्ञानावर एक माळी बोट ठेवतो आहे, एवढंच मला त्यातून ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात ते जाम गावच्या सोयऱ्यांकडे तेरवीला गेले, ते चार दिवस आले नाहीत. मी भावाकडून पाठीवरचा पंप आणला आणि तो कोपरा कडेपासून कडेपर्यंत ओला केला. चौथ्या दिवशी सगळं करपलं. रुईची पानं माना टाकून लोंबत होती. अळ्या दिसल्या नाहीत. मी शोधल्याही नाहीत.

मामा परतले त्या सकाळी आम्ही आठ-दहाजण फिरून येऊन बाकांवर बसलो होतो. ते कोपऱ्यात जाऊन बराच वेळ उभे राहिले. मग आमच्याकडे आले.

"साहेब, एक डाव मले पुसाचं तर होतं."

आवाज चढलेला नव्हता. पण बाकावरचं कोणीतरी म्हणालं, "सेक्रेटरीसाहेबाची शेती जोरात आहे!" लोक हसले आणि मी तापलो.

"पुसू कायले?" मी म्हणालो. "तन वाढवाले माळी कायले पाह्यजे? काम टाळाले तुम्ही तो कोपरा सोडला. कामचोरपणा आहे हा."

हसणं थांबलं. मामांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले. खिशातून बोअरच्या खोलीची चावी काढली, माझ्या बाजूला बाकावर ठेवली आणि सायकल घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. कोणी विचारलं तर मी सांगायचो, "वय झालं होतं त्यांचं." समितीनं दुसरा माणूस लावला. कोपऱ्याची जमीन साफ, सपाट दिसू लागली आणि ती पाहून मला काही महिने समाधानही वाटत होतं. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

मुलगी लग्नानंतर इंग्लंडला असते, उत्तरेकडच्या एका गावात. तिचं बाळंतपण होतं म्हणून यंदा एप्रिलमध्ये आम्ही दोघं गेलो. अर्जित रजा साठलेली होती. बायकोला तिथे श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि मला करायला काही नव्हतं. डिंकाचे लाडू तिनं वळायचे, मालिश तिनं करायची, मी खिडकीशी बसायचं.

चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, बाहेर जात जा. घरी तुम्ही पंख्याकडे पाहत बसता. इथं तर पंखाही नाही."

दोन गल्ल्या सोडून त्यांचा बगीचा होता. तळं, जुनी झाडं, गवत. पहिल्या दिवशी मला तो चक्क टाकलेला वाटला. अर्धं गवत कापलेलं आणि अर्धं गुडघाभर वाढलेलं. मी मनात म्हटलं, इथेही माळी पळून गेला की काय. मग वाढलेल्या गवताच्या तोंडाशी लाकडी पाटी दिसली. हा भाग मुद्दाम कापत नाही, असं तिच्यावर लिहिलेलं होतं आणि खाली चित्रं: फुलं, पाखरं, माश्या, फुलपाखरं. या बगीच्यात नेहमी दिसणारे, असा मथळा.

मी रोज जाऊ लागलो आणि पाटीवरची चित्रं गवतात शोधू लागलो. डेझी पहिल्याच दिवशी सापडली. बोटभर उंचीचं पांढरं फूल, मधे पिवळं. ढग आले की मिटायचं आणि ऊन पडलं की उघडायचं. ऊन फार वेळ टिकत नसे, त्यामुळे त्याचं दिवसभर हेच चाले. मग डँडेलायन, आपल्याकडच्या पाथरीसारखं पिवळं. मग बटरकप, इतकं चकचकीत की पाकळीवर तेल लावलंय असं वाटावं. झाडांच्या सावलीत ब्लूबेलचा निळा पट्टा होता. तो महिनाभरात संपला, तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. रॉबिन नावाचा लाल छातीचा चिमुकला पक्षी बाकाच्या पाठीवर येऊन बसायचा आणि मी डबा उघडतो का हे पाहायचा. खारी आपल्या खारींच्या दुप्पट, राखाडी, अंगावर रेघा नाहीत. ब्लॅकबर्ड काळा कुळकुळीत, चोच केशरी. तो संध्याकाळी धुराड्यावर बसून असा गायचा की मी रस्त्यात थांबायचो. हेजहॉग नावाचा काटेरी प्राणी पाटीवर होता, पण तो काही मला दिसला नाही.

मी वहीत लिहू लागलो, फोटो काढू लागलो आणि ते लेआउटच्या ग्रुपवर टाकू लागलो. "वा साहेब, स्वर्ग आहे!" "काय निगा आहे!" असे निरोप यायचे. तण होतं ते. मी तणाचे फोटो टाकत होतो आणि लोक निगेचं कौतुक करत होते. पण तेव्हा माझ्याही डोक्यात हे आलं नाही.

मे महिन्यात डँडेलायनची फुलं पिकून त्यांचे पांढरे गोळे झाले. एका दुपारी मुलगी बाळाला गाडीत घालून माझ्यासोबत आली. वाऱ्यानं एक पांढरं पिसासारखं बी उडत येऊन गाडीच्या छतावर बसलं.

"बाबा, म्हातारी!" ती लहानपणीच्या आवाजात म्हणाली. मग हसली. "आपल्या बगीच्यातल्या रुईची आठवण येते. मामा शेंग फोडायचे अन् एक एक म्हातारी माझ्या हातावर ठेवायचे. म्हणायचे, फुंक मारजो, पण दोन पाठवजो माह्या घरी, पवनारले. मी खरंच पवनारच्या बाजूला तोंड करून फुंकायची. आहे ना ती रुई अजून?"

"आहे," मी म्हणालो.

खोटं बोलायला मला विचारही करावा लागला नाही. ती बाळाचं टोपडं सारखं करत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. तळ्याला आणखी एक फेरी मारून आम्ही घरी गेलो.

त्या बगीच्यात एक म्हातारी बाई यायची. सत्तरीच्या पुढची, हातात कचरा उचलायचा चिमटा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. पगारी नव्हती, हौसेनं करायची. मी वही घेऊन फिरतो हे तिनं पाहिलेलं होतं. माझं इंग्रजी कचेरीतलं. अर्ज छान लिहीन, बोलताना अडेन. ती सावकाश बोलायची म्हणून आमचं जमलं. कुठून आलात विचारलं तेव्हा वर्धा सांगून उपयोग नव्हता, नागपूर सांगूनही झाला नाही. शेवटी मी हवेत हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि बरोबर मध्यावर बोट ठेवलं.

जूनच्या सुरुवातीला कुंपणाकडेला कमरेइतकी वाढलेली एक झुडपांची रांग मी पाहत होतो आणि एक पान बाजूला करायला हात घातला. हाताला इंगळी डसल्यासारखी आग झाली. ते नेटल होतं, त्यांची खाजकुयरीच म्हणा. बाई पलीकडून ओरडली, पण उशीर झाला होता. ती आली, खाली वाकून एक रुंद पान तोडलं, दोन्ही तळहातांत चोळलं आणि त्याचा हिरवा रस माझ्या हातावर लावला. ते डॉकचं पान. नेटलजवळच सापडतं म्हणे.

मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. पान चोळायची ती रीत, अंगठ्यानं रस दाबायची ती रीत, ही मी आधी पाहिलेली होती. माझं बोट तेव्हा कापलेलं होतं आणि समोर मामा उकिडवे बसलेले होते.

"हे असलं झाड तुम्ही काढून का टाकत नाही?" मी विचारलं. हात चुरचुरत होता, म्हणून थोडं रागानंच.

तिनं मला वाकायला सांगितलं. नेटलच्या शेंड्यावर जाळं होतं आणि जाळ्यात काळ्या काटेरी अळ्यांचा पुंजका वळवळत होता. काळ्या अंगावर पांढरे ठिपके. माझा हात आपोआप मागे आला. ती म्हणाली, यांची फुलपाखरं होतील, पंखांवर मोराच्या पिसासारखे डोळे असतात. आणि म्हणाली, या बाकी कशाला तोंड लावत नाहीत. नेटल काढलं तर या उपाशी मरतील. मग थोडी ओशाळून म्हणाली, यात काही दुर्मीळ नाही हं, सगळं अगदी साधंच आहे.

भाद्रपदातलं मामांचं वाक्य मला दुसऱ्या भाषेत पुन्हा ऐकू आलं होतं. पहिल्यांदा ते सांगणाऱ्याला मी काय म्हटलं, तेही त्यापाठोपाठ आलं. तिच्या बगीच्यात पाटी होती म्हणून मी वाचलं. आमच्या बगीच्यात पाटी नव्हती, सांगणारा माणूस होता.

तरी मी काय केलं? अळ्यांचा फोटो काढला आणि सवयीनं ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत शेजाऱ्याचा निरोप आला: "साहेब, पंप पाठवू का?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

घरी आलो तर बायको तोच निरोप वाचत होती. तीही ग्रुपवर आहे. "तिथं अळी दिसली तर फवारा मारला," ती म्हणाली, "अन् इथं तिचे फोटो काढून राह्यले."

"कसला फवारा?" मुलीनं विचारलं.

मग मी तिला सांगितलं. रुई, तणनाशक, बाकावरचं बोलणं, चावी. त्या दिवशी आहे म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगितलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मामा काय म्हणाले?"

"काही नाही. चावी ठेवली अन् गेले."

"अन् तुम्ही गेले नाही त्यांच्याकडे?"

"नाही."

"किती महिने झाले बाबा?"

बोटांवर मोजायची गरज नव्हती. मी खिडकीशी जाऊन बसलो. धुराड्यावर ब्लॅकबर्ड गात होता आणि मला तो नको झाला.

जुलैत आम्ही परतलो. पावसानं कोपरा पुन्हा हिरवा झाला होता. तरोटा आला होता, केना पसरला होता आणि रुईच्या एका बुडख्यातून हातभर फूट निघाली होती. दुसरा बुडखा वाळलेलाच होता. नव्या माणसाला मी तिथे हात लावू नको म्हटलं. मामांकडे जायला मात्र आणखी पंधरा दिवस घेतले. आधी प्रवासाचा शीण, मग कचेरी, मग पाऊस. कारणं मला पटापट सुचतात.

शेवटी एका रविवारी बसनं पवनारला गेलो. घर विचारत विचारत पोचलो. मामा ओट्यावर बसून झेंडूच्या रोपांच्या पिशव्यांत माती भरत होते. मला पाहून उठले.

"बसा जी, बसा. कसे काय आले?"

त्यांच्या पत्नीनं पाणी आणलं, चहा टाकला. मी बॅगेतून वही काढली आणि फोटो दाखवू लागलो, कारण ते सोपं होतं. मामा फोन डोळ्यांजवळ धरून प्रत्येक फोटो पाहत होते. रॉबिन पाहून म्हणाले, "याची तं छाती कुंकवात बुडवल्यावानी हाय." नेटलवरच्या अळ्यांशी थांबले.

"कोन्या झाडावर हायेत ह्या?"

"त्यांची खाजकुयरी आहे ती. दुसरं काही खात नाहीत म्हणे."

"हाव," ते म्हणाले. "असंच राह्यते."

आता बोलायचं, असं मी ठरवलं. "मामा, मागच्या भाद्रपदात..."

"चाला जी, तुमाले रस्त्यापावतर सोडतो," ते झटक्यात उठले. चहा अर्धा राहिला होता. त्यांच्या पत्नी दारात येऊन म्हणाल्या, "अवो, गुडघे दुखतात नं तुमचे? काऊन चालता एवढे?"

वळणावर घर दिसेनासं झालं तेव्हा ते थांबले.

"घरी नका काहाळू थो विषय. मी तिले गुडघ्याचंच सांगतलं हाय. गुडघ्यापायी काम सोडलं म्हनून."

एवढे महिने हा माणूस घरात न दुखणारे गुडघे दाबत बसला होता, मी दिलेली शिवी बायकोच्या कानावर जाऊ नये म्हणून. आणि मी तीच शिवी त्याच्या ओट्यावर घेऊन आलो होतो, माफीच्या कागदात गुंडाळून. मला हलकं वाटलं असतं. त्यांच्या घरात ती कायमची राहिली असती.

"मले इथंच बोलू द्या मग," मी म्हणालो. "रस्त्यावर."

"इथं कोन हाय जी ऐकाले?" ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. समोरून धाम नदीच्या पुलाकडून बस येत होती, तिला त्यांनी माझ्यासाठी हात दाखवला.

बस वर्ध्याला पोचेपर्यंत मला ते वाक्य समजलं होतं. अपमान ऐकायला आठ-दहाजण होते, माफी ऐकायला कोणी नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी फोन केला. कामावर या म्हणत नाही, म्हटलं, पण येत्या रविवारी सकाळी फिरणारे बसतात त्या वेळेला एकदा बगीच्यात या. रुई फुटली आहे, ती पाहायला या. ते हो म्हणाले नाहीत. "पाहू जी," म्हणाले.

रविवारी रिमझिम होती, तरी बाकांवर जुनी मंडळी होती. पंप पाठवू का विचारणारा शेजारीही होता. सात वाजून गेले. मला वाटलं, येणार नाहीत, आणि खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. तेवढ्यात फाटकाशी सायकल लागली. मामा आमच्याकडे न येता थेट कोपऱ्यात गेले. रुईच्या फुटीजवळ वाकले, दोन-चार पानं उलटून खालून पाहिली. गुडघे छान वाकत होते. मग ते परत वाटेवर आले आणि जाऊ लागले. बाकांपाशी आले तेव्हा मी उभा राहिलो. कोणीतरी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडे हात केला, थांब म्हणून. मी घरी तयार केलेली वाक्यं एकही आठवेना. जे आलं ते असं:

"मामा, मागच्या भाद्रपदात मी याच जागी, याच लोकांसमोर तुम्हाले कामचोर म्हटलं होतं. तुम्ही कामचोर नव्हते. तुम्ही मले सांगितलं होतं अन् मी ऐकलं नाही. तुमच्या माघारी फवारा मारला, अन् तुम्ही एकच गोष्ट विचारली तर तुमचा अपमान केला. चूक माझी होती, सगळी माझी. मले माफ करा."